इंजिन पाहावे बदलून

३ डिसेंबर १९६७ रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउन शहरी डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी एका तरुणीचे हृदय काढून लुई वॉशकान्स्की नावाच्या किराणा दुकानदाराच्या छातीत बसवले आणि साऱ्या जगाने तोंडात बोटे घातली. जगात एकच जमात अशी असेल, की जिने ही बातमी वाचून तोंडातली विडीदेखील बाजूला काढली नसेल. ती म्हणजे गॅरेजवाल्यांची. ‘‘एकातलं काढलं आणि दुसऱ्यात टाकलं, त्यात काय एवढं?’’ असं म्हणून ते पुन्हा बॉनेटमध्ये शिरले असतील. कारण हा उद्योग ते त्याआधी निदान तीस-पस्तीस वर्षे करत आले होते, आणि तोही भूल न देता.

वॉशकान्स्की अठरा दिवस जगला. नवे हृदय चांगले चालले होते. तो गेला न्यूमोनियाने. गॅरेजच्या भाषेत सांगायचे तर इंजिन फर्स्टक्लास होते, गाडीने साथ दिली नाही. इंजिन बदलण्याचा सगळा इतिहास वाचला (मी वाचला आहे; बँकेतल्या माणसाला वेळ नसतो हा गैरसमज काउंटरच्या बाहेरच्या बाजूला आहे) तर त्यातही हेच एक रडगाणे पुन:पुन्हा ऐकू येते. इंजिन मिळते हो, पण ते ज्याच्या पोटात घालायचे त्या गाडीचे काय?

आता मी बी.कॉम. माणूस इंजिनाच्या वाटेला का गेलो, हे सांगायला हवे. बँकेत वाहनकर्जाचे कागद भरताना दोन रकाने असतात : चासी नंबर आणि इंजिन नंबर. कर्जदाराचे नाव चुकले तर दुरुस्त करता येते, पण इंजिन नंबरातला एक आकडा चुकला की वरिष्ठांचा चेहरा रेडिएटरसारखा तापतो. शिवाय कॉलेजात असताना एक प्रश्न आमच्या मानगुटीवर बसवला होता : ‘एका वाहतूकदाराने ट्रकचे जुने इंजिन काढून नवे बसवले. हा खर्च भांडवली की महसुली? कारणे द्या.’ आमच्या वर्गातल्या निम्म्यांनी भांडवली लिहिले, निम्म्यांनी महसुली, आणि उरलेल्या एकाने ‘वाहतूकदाराला विचारावे’ असे लिहिले. तो आज स्वत:च वाहतूकदार आहे. विद्यार्थ्यांना छळण्यासाठी परीक्षकांनी हा प्रश्न काढला असावा, असे मला वाटायचे. पुढे कळले, की आपल्याकडच्या बसमालकांनी पेट्रोलची इंजिने काढून डिझेलची बसवली तेव्हा हाच प्रश्न प्राप्तिकर खात्याने थेट उच्च न्यायालयांपर्यंत नेला होता. आणि इंजिन बदलले तरी बस तीच राहते, म्हणून हा खर्च चालू दुरुस्तीचा, असे निकाल तिथे लागलेले आहेत. म्हणजे हृदय बदलले तरी माणूस तोच. बायकोनेही असे म्हणणे वेगळे आणि न्यायमूर्तींनी म्हणणे वेगळे.

एका गाडीचे इंजिन दुसऱ्या गाडीत जाते, हे आज आपण गृहीत धरतो. पण मोटारी जन्मल्या तेव्हा एका गाडीचा साधा बोल्ट दुसऱ्या गाडीत जायची मारामार होती. कारागीर हाताने कानशीत घासून एकेक भाग बसवी, आणि तो त्याच गाडीत बसे. शिंप्याने बेतलेल्या कोटासारखा. १९०८ साली इंग्लंडातल्या रॉयल ऑटोमोबाइल क्लबने याची परीक्षा घेतली. अमेरिकेहून आलेल्या तीन कॅडिलॅक गाड्या घेतल्या, त्या पार सुट्ट्या केल्या, सगळ्यांचे भाग एकत्र कालवले आणि त्या ढिगातून पुन्हा तीन गाड्या उभ्या करायला लावल्या. गाड्या उभ्या राहिल्या. मग त्या ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर ५०० मैल पळवल्या, आणि पळाल्या. कॅडिलॅकला मानाचा ड्यूअर करंडक मिळाला. ढिगातून कोणताही पिस्टन उचला आणि कोणत्याही सिलिंडरात घाला, ही गोष्ट जगाला तेव्हा जादूसारखी वाटली. भंगारबाजाराचा खरा शिलान्यास तिथेच झाला, असे माझे मत आहे. त्यावर कोनशिला कोणी बसवली नाही, ही गोष्ट वेगळी.

पिकअप नावाची जात कारखान्यातून तयार मिळू लागली ती नंतर. आधी लोक मोटार घेत, मागचा भाग कापत आणि सुताराकडून लाकडी हौदा करून घेत. एप्रिल १९२५ मध्ये फोर्ड कंपनीने मॉडेल टी गाडीच्या पाठीवर स्वत:च पत्र्याचा हौदा बसवला आणि २८१ डॉलरला विकायला काढला. इंजिन वीस अश्वशक्तीचे. वीस घोड्यांच्या जिवावर अमेरिकन शेतकरी कोंबड्या, मका, कुंपणाच्या तारा आणि सासुरवाडीची माणसे वाहू लागला. मात्र चढ लागला की कोंबड्या सोडून बाकीच्यांना उतरावे लागे.

मग आले १९३२ साल. जगभर मंदी, बँका धडाधड बुडताहेत (आमच्या धंद्यात हे वाक्य हळू आवाजात म्हणतात), आणि अशा वेळी हेन्री फोर्ड या म्हाताऱ्याला आठ सिलिंडरांचे इंजिन गरिबाच्या गाडीत घालायची बुद्धी झाली. आठ सिलिंडर हे तोवर श्रीमंतांचे लाड होते. फोर्डने आठही सिलिंडरांचा ब्लॉक एका ओतकामात काढला आणि पासष्ट अश्वशक्ती सामान्य माणसाच्या पुढ्यात टाकली. इंजिनाला एक खोड होती : जळका धूर बाहेर न्यायच्या वाटा ब्लॉकच्या पोटातूनच नेल्या होत्या, त्यामुळे ते लवकर तापे आणि तापून तापून ब्लॉकला तडे जात. पण पोरांना त्याचे काय? कॅलिफोर्नियातली पोरे भंगारात आदळलेल्या गाड्यांतून हे इंजिन काढायची, एखाद्या जुन्यापुराण्या हलक्या गाडीत घालायची आणि वाळक्या तळ्यांच्या सपाट मैदानांवर सुसाट सोडायची. घरचे ओरडायचे ते ओरडायचेच. १९३७ साली या पोरांनी रीतसर संघटना काढली आणि जानेवारी १९४८ मध्ये त्यांचे ‘हॉट रॉड’ नावाचे मासिकही निघाले.

या सगळ्यात शौक होता हे खरे, पण जुन्या इंजिनाचा बाजार शौकावर उभा राहिला नाही. तो उभा राहिला गरजेवर. फेब्रुवारी १९४२ मध्ये युद्धामुळे अमेरिकेत घरगुती मोटारी बनवणेच बंद झाले, ते १९४५ च्या मध्यापर्यंत. साडेतीन वर्षे नवी गाडी नाही, टायरला रेशन, पेट्रोलला रेशन. शेतकऱ्याचा माल मात्र बाजारात जायलाच हवा. मग ज्याची गाडी पुढून ठोकली गेली त्याचा मागचा आस, ज्याची मागून ठोकली गेली त्याचे इंजिन, अशी जुळवाजुळव सुरू झाली. फोर्डची तर त्याआधीपासूनच अदलाबदलीची योजना होती : दमलेले इंजिन आणून टाका, वर थोडे पैसे द्या, कारखान्यात नीट केलेले दुसरे घेऊन जा. तीच पद्धत अमेरिकेत आजही आहे. जुने इंजिन परत आणून देईपर्यंत दुकानदार अनामत ठेवून घेतो. आपल्याकडे सोड्याच्या बाटलीला जो नियम होता, तोच तिथे इंजिनाला.

आणि कोणते इंजिन कोणाला चालेल, हे कसे कळायचे? त्यासाठी हॉलंडर नावाचे पुस्तक निघाले, १९३० च्या दशकात. त्यात अमुक सालच्या अमुक गाडीचा अमुक भाग आणखी कोणकोणत्या गाड्यांना बसतो, याची कोष्टकेच्या कोष्टके. भंगारवाल्याच्या गल्ल्याशेजारी ते असायचेच. आपल्याकडे दाते पंचांग उघडून गुरुजी ‘षडाष्टक आहे, जमणार नाही’ म्हणतात, तसा तो हॉलंडर उघडून ‘बेलहौसिंग जमत नाही’ म्हणायचा. फरक इतकाच की गुरुजींचे ऐकून मोडलेल्या लग्नांपैकी निम्मी नीट चालली असती. बेलहौसिंग न जमलेले एकही चालत नाही.

१९५५ साली शेव्हरोलेटने जे इंजिन काढले, त्याने मात्र हे पत्रिका बघणेच जवळजवळ बंद पाडले. एड कोल नावाच्या मुख्य इंजिनिअरच्या देखरेखीखाली हे छोटेखानी व्ही-आठ तयार झाले. २६५ घनइंच, म्हणजे सव्वाचार लिटरहून थोडे अधिक, आणि १६२ अश्वशक्ती. आठ सिलिंडर असून ते कंपनीच्या आधीच्या सहा सिलिंडरवाल्यापेक्षा वजनाला हलके भरले. त्याच वर्षी ते पिकअपमध्येही मिळू लागले. खरी गंमत पुढे आहे. कंपनीने त्याचा बोअर वाढवला, स्ट्रोक वाढवला, १९६७ साली ते ३५० घनइंचाचे केले, पण बाहेरचे अंग, बोल्टांच्या जागा, फाउंडेशन बसवायच्या जागा, गिअरबॉक्सला जोडायचे तोंड, हे दशकानुदशके जवळजवळ तसेच ठेवले. म्हणजे १९५७ च्या पिकअपमध्ये १९७७ च्या मोटारीचे इंजिन जायला फार खळखळ करत नसे. एखादे कुटुंब असते ना, ज्यातल्या चार पिढ्यांना एकमेकांचे चष्मे लागतात, त्यातला प्रकार. नोव्हेंबर २०११ मध्ये या इंजिनाच्या घराण्यातला (पुढच्या पिढ्या धरून) दहा कोटीवा नग बाहेर पडला. दहा कोटी! इतकी इंजिने ओतल्यावर त्यातली काही लाख भंगारात पडलेली असणारच, आणि भंगारात जे मुबलक, तेच लोकांच्या गाड्यांत जाते. सर्वोत्तम इंजिन कोणते यावर अमेरिकेत हाणामाऱ्या होतील, पण सर्वाधिक ठिकाणी कोणते बसवले यावर होणार नाहीत.

जुने इंजिन घेताना फसायचे कसे नाही, याचे शास्त्रही तेव्हाच तयार झाले. पहिला नियम ऐकायला जरा क्रूर आहे : अपघातातल्या गाडीचे इंजिन घ्यावे, म्हातारपणी गेलेल्या गाडीचे घेऊ नये. कारण आदळली ती गाडी आदळेपर्यंत धावत होती, याला पोलिसांचा पंचनामा साक्षी असतो. जी गाडी मालकाने आपणहून भंगारात दिली, ती कशामुळे दिली हे मालकालाच ठाऊक. बर्नार्डसाहेबांना मिळालेले हृदयही मोटारीने उडवलेल्या पंचवीस वर्षांच्या मुलीचेच होते. भंगारवाल्याच्या आवारात ओळीने ठेवलेल्या त्या इंजिनांकडे बघताना हे आठवले, की सौदा करताना आवाज आपोआप खाली येतो. माझा तरी येतो.

दुसरा नियम मैलांच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. आकडा मागे फिरवणे ही अमेरिकेत इतकी बोकाळलेली कला होती, की १९७२ साली ती बंद करायला केंद्राला कायदा करावा लागला. त्याच सुमारास धुराचेही कायदे आले, आणि कॅलिफोर्नियात तर आता इंजिन बदलायचे तर ते गाडीच्या सालाचे किंवा त्याहून नवेच हवे, शिवाय धूर रोखणारी सगळी यंत्रणा त्याच्याबरोबर आली पाहिजे. मुलगी एकटी चालणार नाही, मानपानासकट हवी.

काळाचा एक सूड मात्र मला फार आवडतो. साठ-सत्तरच्या दशकांत ज्या पोरांनी कारखान्याचे मूळ इंजिन उपसून परसात फेकले आणि दुसरे दांडगे बसवले, त्यांच्याच पिढीतले लोक म्हातारपणी जुन्या गाड्यांचे संग्राहक झाले. आणि संग्राहकांच्या बाजारात भाव कुणाला? तर ज्या गाडीचा इंजिनावरचा नंबर आणि चासीवरचा नंबर अजून जुळतो तिला. परसातल्या त्या गंजक्या ब्लॉकवर एव्हाना कुणाचा तरी भोपळ्याचा वेल चढलेला असतो. आम्ही बँकवाले नंबर जुळवत बसतो म्हणून लोक हसतात, पण बघा, शेवटी जगालाही तेच करावे लागले.

हल्लीचा अमेरिकन पिकअपवाला काय करतो तेही सांगून टाकतो. १९६७ ते १९७२ च्या दरम्यानची एखादी शेव्हरोलेट सी-१० पिकअप घेतो. तिच्यात १९९९ नंतरच्या सिल्व्हराडो ट्रकमधले ५.३ लिटरचे इंजिन घालतो. हे इंजिन १९९७ च्या कॉर्व्हेट मोटारीत आलेल्या एलएस नावाच्या इंजिनाचे चुलतभावंड. ट्रकमधून आले म्हणून लोखंडी ब्लॉकचे, जड, रांगडे, आणि भंगारात ढिगाने. इंजिन स्वस्त पडते. मग पठ्ठ्या घरी येतो आणि खरा खर्च सुरू होतो. जुन्या पिकअपचा पेट्रोल पंप पाच-सात पौंडांचा दाब देतो, या इंजिनाला अठ्ठावन्न लागतो. म्हणजे पंप नवा, नळ्या नव्या. ऑइलचे भांडे खालच्या आडव्या पट्टीला आपटते, भांडे नवे. फाउंडेशन जुळत नाही, पट्ट्या नव्या. आणि हे इंजिन संगणकाशिवाय हूं की चूं करत नाही, म्हणून त्याच्याबरोबर त्याचा मेंदू आणि सगळे वायरिंगही आणावे लागते. भंगारातल्या माणसाने घाईत वायरिंग कटरने कापून दिले असेल, तर त्या रंगीबेरंगी टोकांकडे बघत तो गृहस्थ रात्री गॅरेजात एकटा बसलेला असतो, आणि घरातली माणसे जेवायला हाक मारायचीसुद्धा बंद झालेली असतात.

आपल्याकडे हा शौक नव्हताच. आपल्याकडे होते डिझेलचे गणित. महिंद्रांच्या जीपमध्ये विलिज कंपनीच्या घराण्यातले हरिकेन नावाचे चार सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन असे. नावाप्रमाणेच पेट्रोल पीत असे. ऑक्टोबर १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर खनिज तेलाचा भाव पिंपामागे तीन डॉलरच्या आसपास होता तो काही महिन्यांत साडेअकरा डॉलरच्या पुढे गेला आणि जीपवाल्यांच्या तोंडचे पाणी पळाले. मग गावोगावच्या मिस्त्रींनी चेनपुली लावली. मिळेल ते डिझेल इंजिन जीपच्या पोटात! पुढे आकुर्डीच्या मॅटाडोरमधले मूळ मर्सिडीज घराण्याचे डिझेलही कुणाकुणाच्या जीपमध्ये, ॲम्बेसेडरमध्ये गेले. हे डिझेल जीपमध्ये बसले, की माणसे आत बसल्या बसल्या टाळ न घेता भजन करू लागत, एवढी थरथर. कंपनीलाही वारे कळले. तिने ट्रॅक्टरच्या कुळातले डिझेल जीपमध्ये घातले, आणि १९७९ साली फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी करार करून तिचे २११२ सीसीचे डिझेल इंजिन इथे बनवायचा परवाना घेतला. ते इगतपुरीला बनू लागले. म्हणजे अमेरिकन सांगाडा, फ्रेंच काळीज आणि कसाऱ्याच्या घाटातले हवामान. पण मिस्त्रींनी जे आधी केले त्यालाच कारखान्याने नंतर शिक्का मारला, हे नोंदवून ठेवायला हरकत नाही.

जुन्या इंजिनांसाठी दिल्लीत मायापुरी, चेन्नईत पुदुपेट, कोलकात्यात मलिक बाजार. मेरठच्या सोतीगंजचीही मोठी ख्याती होती, पण चोरीच्या गाड्या तिथे तासाभरात सुट्ट्या होतात अशीही ख्याती होती, आणि २०२१ साली पोलिसांनी ती बाजारपेठ बंद पाडली. मुंबईकरांचे आणि आम्हा घाटावरच्यांचे तीर्थक्षेत्र म्हणजे कुर्ला.

कुर्ल्याला मी गेलो तो माझ्या आतेभावामुळे. दादा नारायणगावहून टोमॅटो कल्याणच्या, वाशीच्या बाजारात नेतो. २०१६ च्या मे महिन्यात, ऐन हंगामात, माळशेज घाटात त्याच्या पिकअपचा पाण्याचा पाइप फुटला. ड्रायव्हरला कळेपर्यंत इंजिन जाम. मिस्त्रीने हेड काढले, ब्लॉकला तडा. नव्या इंजिनाचा भाव ऐकून दादा ओट्यावर बसला तो चहा येईपर्यंत उठला नाही. कर्जाचे एकोणीस हप्ते बाकी, शेतकऱ्यांना दिलेला शब्द, आणि भाड्याची गाडी रोज सगळा नफा खाऊन जातेय. म्हणाला, ‘‘तू बँकेतला, तू चल बरोबर. मिस्त्री इंजिन बघंल, तू माणसं बघ.’’

कुर्ल्याच्या त्या गल्लीत इंजिने जुन्या टायरांवर बसवून ठेवलेली असतात. खाली टायर, वर इंजिन, जणू पाटावर बसलेले यजमान. पहिल्याच दुकानात एक इंजिन मिस्त्रीच्या मनात भरले. दुकानाच्या पोऱ्याने बॅटरी लावली, डिझेलची बाटली वर टांगली, सेल्फ मारला. निम्म्या फेऱ्यात इंजिन बोलू लागले. मिस्त्रीने ऑइलची टोपी काढून तोंडावर तळहात ठेवला. बॅक कॉम्प्रेशन नाही. लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक ब्लॉकला आणि मूठ कानाला लावून डॉक्टरासारखा ऐकत राहिला. डिपस्टिक काढून बोटावर ऑइल घासले, हुंगले. पाणी मिसळलेले ऑइल दुधाच्या चहासारखे दिसते. हे काळेभोर होते. मिस्त्रीच्या चेहऱ्यावर असा भाव, की वधुपित्याला इतक्यात होकार देऊ नये, पण मुलगी हातची जाऊही नये. भावही बरा. दादाचा हात खिशाकडे गेला.

मी आपला नंबर शोधत होतो. ब्लॉकवर जिथे नंबर असायला हवा तिथे बोट फिरवले, तर जागा गुळगुळीत. आरशासारखी. कागदावर खाडाखोड केलेली जागा बोटाला कळते, ती सवय लोखंडावरही उपयोगी पडली. ग्राइंडर मारला होता. दुकानदाराला म्हटले, ‘‘शेठ, नंबर?’’ तो म्हणाला, ‘‘साहब, नंबर को क्या चाटोगे? आवाज सुनो.’’ मी म्हटले, ‘‘दादा, चल.’’

गल्लीच्या टोकापर्यंत दादा माझ्याशी बोलला नाही. मिस्त्री तर मागे वळून वळून त्या इंजिनाकडे बघत होता. दादाने शेवटी तोंड उघडले ते एवढ्यासाठीच : ‘‘आवाज ऐकलास का तू त्याचा?’’ मी म्हटले, ‘‘ऐकला. कुणाच्या तरी अंगणातनं गाडी गेल्याचा आवाज होता तो.’’ कुणाची तरी पिकअप, कुणाचे तरी हप्ते, कुणाचे तरी टोमॅटो. यावर दादा गप्प झाला. रागाने की पटून, ते विचारायची ती वेळ नव्हती.

चौथ्या दुकानात दुसरे मिळाले. तेलकट, चिखलाने माखलेले, बारा हजारांनी महाग. पण नंबर स्वच्छ, आणि म्हाताऱ्या दुकानदाराकडे एका फायलीत अपघाताच्या गाडीचे रद्द झालेले आरसी बुक, विमा कंपनीने गाडी विकल्याचे पत्र, सगळे टाचून ठेवलेले. मी कागद वाचले, मिस्त्रीने धूर वाचला. म्हातारा कौतुकाने माझ्याकडे बघत म्हणाला, ‘‘बैंक में हो क्या?’’ आमच्या कपाळावर कुठे तरी सही-शिक्का असावा. त्याने पक्के बिल दिले आणि पंधरा दिवसांची जबान. जबान बिलावर लिहून दे म्हटल्यावर तो हसला, पण लिहून दिली.

इंजिन बदलले, की नवा नंबर आरटीओत चढवून घ्यावा लागतो, आणि गाडीवर कर्ज असेल तर आधी कर्ज देणाऱ्याचे ना-हरकत पत्र. दादाचे कर्ज माझ्या बँकेत नव्हते. ज्या बँकेत होते तिने ते पत्र द्यायला सव्वीस दिवस घेतले. त्यातले एकवीस दिवस, हे पत्र कोणत्या टेबलावरून निघते हे ठरवण्यात गेले. आमच्या बँकेत इतका वेळ लागत नाही. आमच्याकडे टेबलेच कमी आहेत. आरटीओच्या इन्स्पेक्टरने ब्लॉकवरच्या नंबरावर पातळ कागद ठेवून वर पेन्सिल घासली. आकडे एकेक करून कागदावर उमटत गेले आणि दादा ते ओठांतल्या ओठांत वाचत गेला, लॉटरीचा निकाल वाचल्यासारखा. सगळे जुळले तेव्हा त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या हाताला अजून ग्रीस होते. शर्ट तेव्हापासून घरी घालतो.

जुने इंजिन मिस्त्रीच्या गॅरेजबाहेर दोन पावसाळे पडून होते. मग भंगारवाल्याने ते ठोकून मोडले, लोखंड वेगळे, ॲल्युमिनियम वेगळे, आणि काट्यावर टाकून किलोवर नेले. त्या इंजिनाने किती टोमॅटो वाहिले असतील याचा हिशेब मी दादाला करून दाखवला, पण तो ऐकत नव्हता. काट्याकडे बघत होता, काटा मारत नाही ना म्हणून.

गेल्या महिन्यात त्याला मी एक चित्र दाखवले. २०२१ साली फोर्ड कंपनीने १९७८ ची आपलीच एक एफ-१०० पिकअप घेतली, तिचे इंजिन उपसून काढले आणि त्या जागी विजेवरच्या मस्टँग माक-ई गाडीच्या दोन मोटरी बसवल्या. चारशे ऐंशी अश्वशक्ती. तसली एक मोटर कंपनीने गिऱ्हाइकांनाही विकायला ठेवली, ३,९०० डॉलरला. बॅटरी वेगळी, इन्व्हर्टर वेगळा, म्हणजे रडगाणे जुनेच. दादाने चित्र बराच वेळ निरखले. मोटर कुठून कशी बसते ते विचारले. धूर येत नाही म्हटल्यावर मान हलवली. मग म्हणाला, ‘‘ऑइलची टोपी कुठंय हिला?’’

म्हटले, ‘‘नसते.’’

‘‘मग मिस्त्री हात कुठं ठेवणार?’’